नळीचं दुसरं टोक

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे नळी धरली. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला समिंद्रा, माझी बायको. मध्ये गोठ्यात जीपची चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, दगडाच्या चार थप्प्यांवर ठेवलेला. नळी गवंड्याची. तिला पाणसळ म्हणतात. आत पाणी असतं, आणि खाली जमीन कशीही असो, दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीला येऊन उभं राहतं. आम्ही त्यात चिमूटभर कुंकू टाकलं होतं. नुसतं पाणी आमच्या डोळ्यांना दिसत नव्हतं.

“आलं का?”

“थांबा. नाचतंय आजून.”

“आलं का?”

“अवं, दम धरा की. पानी हाय ते, तुमच्या बैलावानी चाबकानं चालत न्हाई.” मग थोडं थांबून म्हणाली, “आलं. खुनंवर आलं.”

खडूची खूण तिनेच केली होती. मी माझं टोक खिळ्याला अडकवलं, तिने तिचं अडकवलं. मग कोपऱ्यातला तेलाचा रिकामा डबा उचलून तिने चासीच्या पुढच्या पट्टीवर ठेवला, डाव्या अंगाला, जिथं पुढची सीट येणार होती तिथं. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि डब्यावर बसली. तोंड दाराकडे. दारातून आमच्या गावचा रस्ता पार ओढ्याच्या वळणापर्यंत दिसतो.

“चला,” म्हणाली, “घ्या कपिलधारला.”

मी म्हणालो, “उतर. टाक्यावर हाय ती. तुटंल.”

टाका म्हणजे वेल्डिंगचा नुसता ठिपका. शिंपी आधी कच्चा दोरा घालतो ना, तसं. जोड जागेवर राहतो, पण वजन घेत नाही. पक्की शिवण नंतर मारायची असते.

ती उतरली. चहा टाकायला घरात गेली. त्या संध्याकाळी यापेक्षा जास्त काही झालं नाही.

*

यंदा पुन्हा तसंच दुष्काळाचं साल आहे. साखर कारखाना चालू असला की वारा फिरला तरी मळीचा आंबूस वास आमच्या ओसरीपर्यंत येतो. दिवाळी झाली, संक्रांत गेली, वास आला नाही. आता उन्हाळा लागलाय आणि सकाळी टँकरचा हॉर्न वाजला की रस्त्यावरून निळे ड्रम घरंगळत नेल्याचा आवाज येतो. त्या आवाजाने मी अजून उठून बसतो. वाटतं, आता ती म्हणणार, “ऱ्हावा पडून तुमी. मी धरते लंबर.”

नाव समिंद्रा, आणि सगळा जन्म टँकरच्या मागं. हे तीच म्हणायची. बापाला नावं ठेवायची. “आमच्या दादानं समिंदर कधी बघितलावता? टाकीला तोटी बसली तरी गावजेवन घाला म्हननारा मानूस.”

त्या साली कारखान्यात मोळी पडली नाही. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला चेअरमन गव्हाणीत पहिली उसाची मोळी टाकतात, नारळ फुटतो, भोंगा वाजतो आणि आमच्यासारख्यांचं वर्ष सुरू होतं. सहकारी कारखाना. सभासदांचा, असं पाटीवर लिहिलेलं. पण ऊसच नाही म्हटल्यावर पाटी काय दळणार? यार्डात टायरगाड्या उलट्या पालथ्या पडलेल्या. मी त्यांचे मोडलेले आस जोडायचो, जू जोडायचो, सीझनभर हाताला उसंत नसायची. त्या साली वेल्डिंगच्या होल्डरवर कोळ्याने जाळं केलं.

मग सोसायटीने चारा छावणी उघडली. गावची सगळी जनावरं छावणीला गेली. आमचे दोन बैल गेले. मोठा जाताना मागं वळून वळून बघत गेला. धाकट्याला चाऱ्याचा वास लागला होता, तो पळतच गेला. समिंद्रा म्हणाली, “बघा, पोरंबी अशीच जात्यात. एक वळून बघतंय, एक न्हाई.”

गोठा रिकामा झाला. दावी खुंट्यांना लोंबत. आठ दिवस तिने रिकामा गोठा झाडला. नवव्या दिवशी झाडू टाकला आणि मला म्हणाली, “रिकामा गोठा मला खायला उठतोय. ती जीप आना आत.”

“कावून?”

“कावून म्हंजी? तुमी हात बांधून बसलाव, मी हात बांधून बसले. दोगं बांधून घेतल्यावर भांडनबी व्हईना नीट.”

*

ती जीप आमच्या बोरीच्या झाडाखाली दोन वर्षं उभी होती. कारखान्याच्या शेतकी खात्याची. भंगारात निघाली तेव्हा मी आणली. इंजिनाला काही झालं नव्हतं. चासी मात्र सडलेली. यार्डात मळीच्या चिखलात उभी राहून राहून खालून पापुद्रे सुटले होते, हाताने काढा, पोह्यासारखे पडत. सगळे म्हणाले, इंजिन विक, बाकी फेकून दे. समिंद्राचा भाऊ बाबू शेजारच्याच गल्लीत राहतो. तो रोज यायचा आणि रोज तेच बोलायचा. “दाजी, ह्या लोकंडाची बाज करा. म्हातारपनी निजायला व्हईल.”

“तुझ्या वजनाला बाज पुरायची न्हाई. चासीच लागंल,” समिंद्रा म्हणायची.

ती जीप तिने फार आधीपासून बघितलेली. लग्न झाल्यावर पहिली काही वर्षं आम्ही ऊसतोडीला जायचो. तोडीचा ट्रक भरताना खाली भांडी, पाल, पेटी, मध्ये कोंबड्या, आणि वर माणसं. बाया मागच्या फळीला टेकून, तोंड मागं करून बसायच्या, धूळ खात. ती म्हणायची, “रस्ता आमाला सरल्यावर दिसतो. गाव आलं म्हनून कुनी सांगत न्हाई. गेलं की कळतंय, गाव हुतं.” फडात ही जीप यायची. पुढच्या सीटवर साहेब, मांडीवर हात ठेवून, समोर बघत. समिंद्रा कोयता थांबवून बघायची. साहेबाकडे नाही. साहेब बसला होता त्या जागेकडे.

पुढं मी तोडी सोडून यार्डात वेल्डिंग शिकलो. एकदा आमच्याच टायरगाडीचा आस मोडला, मिस्त्री म्हणाला जरा धर, आणि मी धरला तो धरलाच. ती बायकांत सांगायची, “समद्यांचं नवरं तोडीला. माझा जोडीला.” पण प्रवास तोच राहिला. वडाप असो की टेम्पो, पुढची जागा पुरुषाची, म्हाताऱ्याची, पुढाऱ्याची. ती मागं. लेकीला सिरसाळ्याला दिली, त्या वऱ्हाडातसुद्धा ती मागं, रुखवताची भांडी धरून.

म्हणून जीप आली तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली होती. “मला एकडाव फुडं बसून कपिलधारला न्या. देवाला न्हाई म्हनत मी. रस्ता बगायचाय.”

कपिलधार म्हणजे बीडकडचं देवस्थान, डोंगरातून धार पडते तिथं. मी हो म्हटलं आणि जीप बोरीखाली उभी केली. काम निघेल तेव्हा बघू, असं दोन वर्षं चाललं. दुष्काळ पडला म्हणून मुहूर्त लागला. आणि मुदतही दुष्काळानेच दिली. पाऊस पडला की छावणी मोडणार, बैल परत येणार, गोठा त्यांचा. तोवर चासी चाकांवर उभी राहिली तर बाहेर ढकलता येईल. नाहीतर तोडून भंगारात.

*

नव्या चासीसाठी माल सगळा जुना. मोडक्या ट्रॉलीचे दोन लांब चॅनल मिळाले, ते दोन बाजूंना. मध्ये पाच आडव्या पट्ट्या. जुन्या जीपचे स्प्रिंगचे पाटे, आस, चाकं. गोठ्यात शेणाचा वास मुरलेला, त्यात जळलेल्या गंजाचा वास. अजून कुठं दोन्ही वास एकत्र आले की मला तहान लागते.

लाईट दिवसाआड दुपारची. ऊन असं की पत्रा वरून आणि ठिणगी खालून. मी घामाने निथळायचो आणि समिंद्रा म्हणायची, “घाम तरी बालदीत गाळा, कापडं भिजवायला व्हईल.”

तिला धरायला यायचं. हे मी कौतुकाने नाही सांगत. लोखंड धरणं सोपं नसतं. नवखा माणूस ठिणगी उडाली की हात मागं घेतो आणि जोड सरकतो. ती डोळे मिटून, तोंड भिंतीकडे करून धरायची. हातातलं मात्र हलायचं नाही. एकदा मी काच डोळ्यापुढे न धरता टाका मारला. रात्रभर डोळ्यांत वाळू. तिने बटाट्याच्या चकत्या कापून डोळ्यांवर ठेवल्या. गार वाटलं. दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो तर कालवणात बटाटा.

“ह्यो कुटला बटाटा?”

“खावा गुमान. तुमच्याच डोळ्यावरचा हाय. परक्याचा न्हाई.”

पाणसळ कलीम मिस्त्रीची. गवंडी माणूस. त्या साली बांधकामं बंद होती, सिमेंटला पाणी घालणार कोण? नळी त्याच्या घरात खुंटीला वाळत होती. “ले जाव,” म्हणाला, “लेकिन पानी तुमारा.” आम्ही हसलो. पण खरं तेच होतं. नळी त्याची, पाणी आमचं, आणि चूक त्या पाण्यात झाली.

नळी भरायची रीत अशी की एका टोकातून पाणी सोडायचं आणि दुसऱ्या टोकातून धारेने वाहू द्यायचं. भरपूर. म्हणजे आतली हवा निघून जाते. हे मला माहीत होतं. पण पाणी वाहू द्यायचं म्हणजे काय, त्या साली? आमच्या दोघांच्या हातालाच सवय राहिली नव्हती. समिंद्राने तांब्यातून घोट घोट करत, नरसाळ्याने, एक थेंब खाली न सांडता नळी भरली. मी शाबास म्हटलं. नळी जुनी, सिमेंटने पांढुरकी झालेली. मध्यावर हवेचा एक बुडबुडा अडकून राहिला, तो कुणाला दिसला नाही.

त्या नळीवर भरवसा ठेवून आम्ही चार कोपरे लावले. मागच्या डाव्या थप्पीत पत्र्याचे तुकडे सारले, पातळी आली म्हणून आनंद केला, आणि मी पट्ट्या टाक्यावर न ठेवता एकदमच पक्क्या केल्या. लाईट होती ना त्या दिवशी, बराच वेळ. मग बाबूला आणि आणखी चौघांना बोलावून चासी आसांवर ठेवली. तीन चाकं भुईला लागली. चौथं अधांतरी. बाबूने त्या चाकाखालून हात घालून दाखवला. इकडून घातला, तिकडून काढला.

“दाजी,” म्हणाला, “लंगडं कुत्रं असंच मुततंय.”

सगळे हसले. समिंद्रा पण हसली. मला राग आला, पण हसू पण आलं, कारण बरोबर होतं. दिसत तसंच होतं.

माणसं गेल्यावर ती नळी हातात घेऊन उंबऱ्यात बसली. उन्हात धरून, बोटाने पुसून, वीतवीत बघत गेली. मग म्हणाली, “अवं, हितं बगा. पोकळ हाय.” कुंकवाचं पाणी एका जागी तुटलेलं. मधमाशी मावेल एवढी जागा.

काय झालं ते दोघांनाही कळलं होतं. मग तीच म्हणाली, “घागरभर सोडू. खाली घमेलं धरू. जातंय कुटं पानी? घमेल्यातच ऱ्हाईल की.”

एवढं साधं. मला सुचलं नव्हतं, तिलाही आधी नाही. पाणी म्हटलं की ते जाणार, एवढंच डोक्यात बसलेलं. घागर ओतली, नळीतून धार लागली, घमेल्यात तांबडं पाणी जमलं. ती धार बघत आम्ही दोघं बसून राहिलो. किती दिवसांत वाहतं पाणी बघितलं नव्हतं. घमेल्याच्या काठावर मधमाश्या येऊन बसल्या. ते पाणी तिने त्यांच्यासाठीच ठेवलं. कुंकवाचं पाणी पिऊन माश्या मेल्या नाहीत, एवढं सांगतो.

मग मी सगळे जोड कापले. केलेलं कापायला करण्यापेक्षा जास्त दिवस लागतात, हे कुणालाही विचारा. ती एका शब्दाने बोलली नाही. फक्त छावणीवरून आली की सांगायची, “आबाळ आलंय तिकडं आष्टीच्या अंगाला. हात चालवा.” बैलांना भेटायला जायची, पण बघायची आभाळ. लोक पावसाची वाट बघत होते. आमच्या घरात एक बाई म्हणत होती, जरा थांब बाबा, पाच पट्ट्या होऊ दे.

आणि त्या संध्याकाळी पुन्हा नळी धरली. ती सांगितली आहे वर.

*

त्याच रात्री पहाटे तिच्या छातीत कळ आली. बाबूने गल्लीतला टेम्पो आणला. बीडला न्यायचं ठरलं. पुढं ड्रायव्हर, त्याच्याशेजारी सीट होती, पण तिला बसवत नव्हतं. मागं गोधडी टाकून निजवलं. मी डोकं मांडीवर घेऊन बसलो. फळीतून मागचा रस्ता दिसत होता, मागं मागं जाणारा. मला वाटलं होतं परत येताना बोलू. दवाखाना यायच्या आधी ती गेली. डॉक्टरने बघितलं आणि चष्मा काढला, तेवढ्यावरून कळलं. त्याच दिवशी दिवस बुडायच्या आत ओढ्याकाठी सगळं उरकलं.

लोक विचारतात, गाडीचं काय केलं. गाडी चालते. पासिंगचं विचारू नका. यंदा त्याच गाडीतून मी ड्रम आणतो, माझे आणि गल्लीतल्या म्हाताऱ्यांचे. चारी चाकं भुईला आहेत. पुढच्या सीटवर कुणीही बसतं. लेक आली की म्हणते, आबा, तिथं आईचा फोटो लावू. मी नाही म्हटलं. गाडी आहे, देव्हारा नाही. कपिलधारलाही गेलो एकदा, पुढच्या पावसाळ्यानंतर. धार बारीक होती. बाबू पुढं बसला होता आणि सगळ्या रस्त्याने बोलत होता. हे बघा दाजी ते बघा दाजी. मला आधी वीट आला. मग म्हटलं बोलू दे. कुणीतरी पुढं बसून रस्ता सांगायलाच पाहिजे होता.

दुःखाचं म्हणाल तर मला ते नीट सांगता येत नाही. चहा दोन कप व्हायचा, एक ओतून द्यायचो. तेही आता होत नाही, हाताला कळलंय. पण काही मापायचं निघालं की अजून तोंडातून जातं, “आलं का?” आणि मग मीच दुसऱ्या टोकाला चालत जातो, बघायला. तोवर हे टोक हललेलं असतं.

*

तिला पोचवून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. चूल बंद. शेजारून भाकरी यायच्या होत्या. ओसरीवर बाया बसलेल्या, त्यांच्या मधून मी गोठ्यात गेलो.

डबा तिथंच होता, पुढच्या पट्टीवर. ती उतरली होती, डबा उतरवला नव्हता. दोन्ही खिळ्यांना नळी. मी आधी माझ्या टोकाचं पाणी बघितलं. मग तिच्या. खुणेवर होतं. दिवसरात्र कुणी धरलं नव्हतं तरी खुणेवर होतं. म्हणजे चासी जागची हलली नव्हती.

डबा खाली ठेवला. मशीन लावली. त्या दिवशी नेमकी सकाळचीच लाईट होती. होल्डरला रॉड लावला तेवढ्यात दारात बाबू आला. रडून तोंड सुजलेलं.

“दाजी, सुतक हाय. आज तरी नका. लोक काय म्हनतील?”

“लोकांना म्हनावं, डोळं झाका. उजेड लई असतो.”

“दाजी…”

“टाक्यावर हाय ती, बाबू. कुटवर ठिवू?”

मी काच धरली आणि पुढची पट्टी घेतली. डावा जोड थोडा, मग उजवा, मग मागचा उजवा, मग पुन्हा पुढचा डावा. असं उलटसुलट घ्यावं लागतं, नाहीतर तापलेलं लोखंड आपल्याकडे ओढतं. घाई केली नाही. बाहेर बायांचं रडणं मध्येच थांबायचं, ठिणगी पडली की. मग पुन्हा सुरू व्हायचं. एक रॉड संपला, दुसरा लावला. दोन्ही अंगांची शिवण पुरी झाल्यावर हातोडीने खपली झाडली. जोड निळसर दिसत होता, सलग. मी गार होईपर्यंत थांबलो. फुंकर घातली नाही, पाणी घातलं नाही. आपसूक गार होऊ दिला.

मग डबा उचलून होता तिथं ठेवला. डाव्या अंगाला, तोंड दाराकडे.

“बस,” मी बाबूला म्हणालो.

“मी?”

“तूच. तिच्या दुप्पट हायेस. बस.”

तो भीतभीत चढला आणि डब्यावर बसला. गुडघ्यांवर हात ठेवून, समोर रस्त्याकडे बघत. मी खाली वाकून जोड बघितले. इकडचा बघितला, तिकडचा बघितला. केसभरही हलले नव्हते.

बाबू तोंड न वळवता म्हणाला, “दाजी, उतरू का?”

“बस की,” मी म्हणालो. “आता कशाला उतरतोस.”